त्या पिवळ्या लेन्सबद्दल

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑनलाइन लिलावात वस्तू स्वस्तात कशा मिळतात यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणं हा रडीचा डाव आहे. चुकीच्या स्पेलिंगच्या, धड वर्णन नसलेल्या वस्तू हुडकणं म्हणजे विकणाऱ्याच्या अज्ञानावर डल्ला मारणं आहे. आणि एवढं करूनही ‘स्वस्त पडलं’ हा बहुतेक वेळा भ्रमच असतो. त्याच लेखात कॅमेऱ्याची एक पिवळी पडलेली जुनी लेन्स मी स्वस्तात कशी घेतली तेही होतं, म्हणून शेवटी तुम्ही विचारलंत, “त्या पिवळ्या लेन्सच्या मालकाला तुम्ही खरं काय ते का सांगितलं नाही?”

हा शेवटचा प्रश्न लागला. त्याच्याकडे येतेच, पण आधी सोपं उरकते.

शेवटच्या सेकंदाची बोली. ईबेसारख्या साइटवर आपण जो आकडा टाकतो ती आपली कमाल मर्यादा असते. साइट ती कुणाला दाखवत नाही. आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. माझी मर्यादा शंभर आणि माझ्या खालच्या माणसाची साठ असेल, तर वस्तू मला साठाच्या एक पायरी वर मिळते, शंभराला नाही. म्हणजे भाव जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या खालचा ठरवतो. अशा लिलावाचं गणित विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली मांडलं (आडनावच ‘विक्री’, त्याला मी काय करू?) आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बंद पाकिटातल्या अशा लिलावात आपल्याला ती वस्तू जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा लिहिणं सर्वात शहाणपणाचं, हा त्या गणिताचा गाभा.

आता सांगा, ज्याने आपली खरी मर्यादा पहिल्याच दिवशी टाकून ठेवली आहे, त्याचं मी शेवटच्या पाच सेकंदांत येऊन काय वाकडं करते? त्याची मर्यादा माझ्याहून जास्त असेल तर मी हरते. कमी असेल तर मी आदल्या दिवशी आले असते तरी तो हरलाच असता. फटका बसतो तो ‘आत्ता थोडी टाकतो, कुणी वर गेलं तर बघू’ म्हणणाऱ्याला. आणि अशा लोकांसमोर लवकर बोली टाकणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आपण बोली टाकली की वस्तूत काहीतरी दम आहे, असं दहा जणांना उगाच कळतं.

यात खोड असेल तर ती नियमात आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली ईबे आणि त्या काळी चालणारे ॲमेझॉनचे लिलाव शेजारी ठेवून पाहिले. ईबेवर वेळ संपली की संपली. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव आपोआप लांबायचा. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती, आणि तिथेही संगणकांपेक्षा जुन्या दुर्मिळ वस्तूंत अधिक. हे मला अगदी पटतं. संगणकाचा भाव सगळ्यांनाच माहीत असतो. जुन्या वस्तूत ज्याला कळतं तो आपलं कळणं शेवटपर्यंत झाकून ठेवतो. तुम्हाला हे आवडत नसेल तर वेळ वाढवणाऱ्या साइटवर बोली लावा, तिथे ही युक्ती चालत नाही. (आपल्या वतीने ऐनवेळी बोली टाकणाऱ्या सेवा मी वापरत नाही. त्यामागे नीतिमत्ता वगैरे काही नाही. पासवर्ड परक्याच्या हाती द्यायला नको, एवढंच.)

‘स्वस्त हा भ्रम’ या मुद्द्यावर मात्र मी शस्त्रं खाली ठेवते. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. यंग हान ली आणि उलरिके माल्मेंडियर यांनी एका बोर्ड गेमचे ईबेवरचे लिलाव तपासले. तोच खेळ, नवाकोरा, त्याच वेळी त्याच साइटवर ठरावीक किमतीला ‘आत्ता घ्या’ म्हणून पडून होता. तरीही ४२ टक्के लिलाव त्या किमतीच्या वर जाऊन संपले. सगळेच खरेदीदार वेडे होते असं नाही. पण लिलावाची रचनाच अशी की शंभरातले पाच जण वाहवत गेले तर वस्तू त्या पाचांच्याच घरी जाते.

त्या पाचांत मी होते. एकदा नाही, बऱ्याचदा. एका लेन्सवर ‘टेस्ट केलेली नाही’ असं लिहिलं होतं. मी ते ‘विकणाऱ्याकडे कॅमेरा नाही’ असं वाचलं. आतून बुरशीचं जाळं पसरलेलं निघालं. तेव्हापासून त्या शब्दांचा अर्थ मी ‘टेस्ट केली, चालली नाही’ असाच घेते. फोटोत काचेतून आरपार प्रकाश दाखवलेला नसेल तर तो विसरून राहिलेला नसतो, हेही तेव्हाच शिकले. तुमच्या दुसऱ्या आक्षेपाशीही याचा संबंध आहे. तुमच्या चित्रात अडाणी कायम विकणारा असतो. पण वस्तू त्याच्या हातात असते, फोटो तो काढतो, काय दाखवायचं ते तो ठरवतो. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली वापरलेल्या गाड्यांचं उदाहरण घेऊन नेमकं हेच मांडलं होतं: विकणाऱ्याला खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. दहातल्या आठ वेळा अंधारात मी असते, हा माझा हिशेब आहे.

कुरिअरच्या खर्चात बचत जाते, असं तुम्ही लिहिलंत तेही खरं. होसेन आणि मॉर्गन यांनी २००६ मध्ये सीडी आणि व्हिडिओ गेम विकून दाखवलं होतं की सुरुवातीची बोली नाममात्र ठेवून पाठवणावळ जास्त लावली, तर बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या हाती एकूण जास्त पडतं. माणूस मोठ्या अक्षरातला आकडा बघतो. मी आता आधी पाठवणावळ वजा करते आणि उरेल ती माझी मर्यादा.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. ‘मध्यरात्री संपणारे लिलाव शोधा, तिथे गर्दी नसते’ असं मी बेधडक लिहिलं होतं. उरी सिमोनसोन यांचा २०१० सालचा अभ्यास याच्या बरोबर उलट सांगतो. संध्याकाळी घेणारे जास्त असतात हे विकणाऱ्यांनाही ठाऊक असतं, म्हणून ते सगळेच आपले लिलाव तेव्हा संपवतात आणि एकमेकांच्या पायावर पाय देतात. एका वस्तूमागे घेणारे कमी पडतात, भाव उतरतो. म्हणजे मी जागरणं केली ती फुकट.

आता लेन्स.

ती पेंटॅक्स या जपानी कॅमेरा कंपनीची साठ-सत्तरच्या दशकातली ताकुमार लेन्स होती. वर्णन असं: ‘काच पिवळी पडली आहे, पुसून जात नाही, सुट्या भागांसाठी.’ हे पिवळेपण पुसून जाणारच नाही, कारण तो डाग नव्हे. त्या काळी काही लेन्सच्या काचेत थोरियम घालत, त्यामुळे काच प्रकाश जास्त वाकवते पण रंग फारसे फाकवत नाही. थोरियम किरणोत्सर्गी. त्याच्या क्षीण किरणांनी काच वर्षानुवर्षं आतूनच रंगत जाते. अतिनील प्रकाशाखाली ठेवली की तोच रंग हळूहळू उतरतो. मी छोट्या यूव्ही दिव्याखाली तीन आठवडे ठेवली. (उन्हातही जमतं, पण शेवटी ते भिंग आहे, खिडकीत ठेवून घराबाहेर जाऊ नका.) स्वस्तात मिळाली, काचही स्वच्छ झाली. सोन्याहून पिवळं, असं मी लेखात मिरवलं होतं. तुम्हाला खटकलं ते बहुधा हेच मिरवणं.

विकणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, मीही लपवलं नाही. ही माहिती कुणालाही पाच मिनिटांत सापडते. लिलाव सात दिवस उघडा होता. वर सांगितलं तसं भाव दुसरा माणूस ठरवतो. थोरियमचं ठाऊक असलेले दोघं जरी तिथे असते, तरी विकणाऱ्याला जवळजवळ पूर्ण किंमत मिळाली असती. मी लिहिलेल्या साऱ्या युक्त्या, चुकीचं स्पेलिंग, भलत्याच विभागात टाकलेली वस्तू, एका खोक्यात कोंबलेला लॉट, अंधारातला फोटो, या त्या दुसऱ्या माणसाची गैरहजेरी शोधण्याच्याच वाटा आहेत. फक्त शेकडो डोळे तेच शोधत असतात, म्हणून ती क्वचितच सापडते.

म्हणून विकणाऱ्याचं खरं नुकसान होतं ते लिलावात नाही, लिलावाबाहेर. ‘सात दिवस कशाला थांबता, बंद करा, मी आत्ताच एवढे देते’ असा निरोप त्याला जातो, तेव्हा तो दुसरा माणूस यायच्या आतच दार लावलं जातं. असा निरोप मी कधी पाठवलेला नाही. वस्तूत नसलेली खोट काढून भाव पाडलेला नाही. विकणाऱ्याने विचारलं तर खरं सांगितलं आहे.

पण तुम्ही विचारलंत ते हे नाही, हे मला कळतं. न विचारता का सांगितलं नाही, असं तुम्ही विचारताय. न विचारता एकदा सांगितलं आहे. ‘जुनं कॅमेऱ्याचं सामान’ म्हणून एक खोकं लिलावात होतं, आणि फोटोच्या कोपऱ्यात अशी एक लेन्स, जी एकटीच अख्ख्या खोक्याच्या कित्येक पट किमतीला जाते. वर्णनाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘वडिलांचं आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडावं.’ मी तासभर त्या वाक्याकडे बघत बसले आणि मग त्यांना कळवलं. त्यांनी लिलाव मागे घेतला, लेन्स वेगळी लावली. मी त्यावर बोलीही लावली, आणि सपाटून हरले.

पिवळ्या लेन्सच्या वर्णनात असं वाक्य नव्हतं. असतं तर कदाचित कळवलं असतं. याला तत्त्व म्हणत नाहीत, तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. ज्याने वडिलांचा उल्लेख केला त्याला पूर्ण भाव आणि ज्याने मुकाट्याने विकलं त्याला नाही, हे न्यायाचं कसं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ती लेन्स मी गेल्या वर्षी विकली. थोरियम, पिवळेपण, यूव्ही, सगळं वर्णनात लिहून. चार-पाच जाणकार शेवटच्या मिनिटात एकमेकांवर तुटून पडले आणि घेणाऱ्याला ती अजिबात स्वस्त पडली नाही.

मूळ लेखातला मध्यरात्रीचा परिच्छेद आज काढला आहे आणि ‘लिलाव वेळेआधी बंद करायला सांगू नका’ हे वाक्य सुरुवातीला घातलं आहे. हा बदल तुमच्यामुळे झाला असं तिथे लिहायचं आहे. तुमच्या नावासकट लिहू का, तेवढं कळवा.