‘काउंट वाढताहेत, तरी डॉक्टर थांबा म्हणतात’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला चार वेळा आला. एकदा मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गटातून, एकदा निवृत्त सहकाऱ्यांच्या गटातून आणि दोनदा मावसभावाकडून; दुसऱ्या वेळी त्याने खाली ‘दादा, हे नक्की वाच’ असेही जोडले होते. मजकूर थोडक्यात असा: रक्ताचा कर्करोग निघाल्यावर डॉक्टर ‘आत्ता औषध नको, दर तीन महिन्यांनी रक्त तपासू’ असे म्हणाले, तर त्यांनी आशा सोडली आहे किंवा रोग वाढून बिल वाढण्याची ते वाट पाहत आहेत असे समजावे, पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर गेल्या की रक्त घट्ट होऊन पक्षाघात होतो, सारखे रक्त काढल्याने अशक्तपणा वाढतो, गव्हांकुराचा आणि पपईच्या पानांचा रस घेतल्यास चाळीस दिवसांत पेशी उतरतात, आणि अशा रुग्णाने लोकलच्या गर्दीत पाऊलही टाकू नये.

मी डॉक्टर नाही, निवृत्त लेखापाल आहे. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या तपासणीत माझ्या पांढऱ्या पेशी १९,००० निघाल्या, पुढे परळला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रक्तातील पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी, झाली आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, असे निदान झाले. तेव्हापासून आजपर्यंत या रोगावरची एकही गोळी मी घेतलेली नाही. म्हणजे संदेशात ज्याला सावध केले आहे तो रुग्ण मीच आहे, आणि म्हणूनच हा मजकूर मुद्द्यामुद्द्याने तपासून पाहावासा वाटला.

संदेशातील सगळ्यात मोठी चूक त्याच्या पहिल्याच शब्दांत आहे. ‘रक्ताचा कर्करोग’ हे एका रोगाचे नाव नाही. तीव्र ल्युकेमियात अपक्व पेशी झपाट्याने वाढतात आणि तेथे आठवडाभराची दिरंगाईसुद्धा जिवावर बेतू शकते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा संथ असला तरी त्यावर निदान होताच इमॅटिनिबसारखी गोळी सुरू करतात, कारण रोग हाताबाहेर जाण्याआधीच त्याला लगाम घालणे तेथे शक्य झाले आहे. सीएलएलमध्ये मात्र दिसायला पक्व असलेल्या बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत आणि वर्षानुवर्षे साठत जातात. रक्तात एकाच वंशावळीच्या अशा पेशी प्रति मायक्रोलिटर ५,००० किंवा अधिक आणि त्याही किमान तीन महिने टिकून असल्या, तरच हे निदान करतात. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो, त्यामुळे आपल्या ओळखीपाळखीत ज्यांनी ‘ब्लड कॅन्सर’ पाहिलेला असतो त्यांनी बहुधा दुसराच पाहिलेला असतो, आणि त्यांचा सल्ला प्रामाणिक असूनही चुकीच्या पत्त्यावर येतो.

आता ‘आशा सोडली’ या दाव्याकडे वळतो. लवकर सापडलेल्या रोगावर लवकर उपचार केले तर फायदा होणारच, हे कोणालाही पटेल असे आहे. डॉक्टरांनाही ते पटत होते, म्हणूनच त्यांनी ते तपासून पाहिले. फ्रान्समधील संशोधकांनी सुरुवातीच्या अवस्थेतील सीएलएल रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या केल्या, एकीत ६०९ आणि दुसरीत ९२६ रुग्ण होते. काहींना क्लोरॅम्ब्युसिल हे औषध लगेच दिले, काहींना रोग पुढे सरकेपर्यंत काहीच दिले नाही. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लगेच औषध घेतलेल्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पहिल्या चाचणीत औषध न दिलेल्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांचा रोग अकरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही पुढच्या अवस्थेत गेलेला नव्हता आणि त्यांना औषध लागलेले नव्हते. पुढच्या वर्षी अशा सहा चाचण्यांमधील २,००० हून अधिक रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, आणि दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण लगेच उपचार घेतलेल्यांत ४४ टक्के, तर थांबलेल्यांत ४७ टक्के निघाले. हा फरक थांबणाऱ्यांच्या बाजूने मोठा आहे असे मी म्हणणार नाही. घाईने काही पदरात पडले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

यावर कोणी म्हणेल की ती जुनी औषधे होती. हा आक्षेप रास्त आहे. इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स यांसारख्या गोळ्यांनी या रोगाचे चित्र गेल्या दहा-बारा वर्षांत खरोखरच पालटले आहे. परंतु सीएलएल १२ या नावाच्या जर्मन चाचणीत लक्षणे नसलेल्या, पण रोग वाढण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना इब्रुटिनिब लवकर देऊन पाहिले, तेव्हा रोगाची वाटचाल लांबली, तरी आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. आणि हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तस्राव होणे हे त्या औषधाचे त्रास मात्र काही जणांच्या वाट्याला आले. व्हेनेटोक्लॅक्सच्या जोडीने लवकर उपचार केल्यास काय होते याचीही तपासणी हाती घेतली गेली आहे. उद्या उत्तर बदलले, तर डॉक्टरांचा सल्लाही बदलेल.

येथे एक कटू गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. त्याच फ्रेंच चाचण्यांत सुरुवातीच्या अवस्थेतील सुमारे चतुर्थांश रुग्ण पुढे या रोगाशी संबंधित कारणानेच गेले. सीएलएल निरुपद्रवी आहे, असे माझे म्हणणे नाही. काही रुग्णांत तो लवकर जोर धरतो, काहींत त्याचे आक्रमक लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगात, रूपांतर होते. थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे, ते या कारणासाठी. रुग्णालय पैशासाठी थांबवते या आरोपाबद्दल मात्र लेखापाल म्हणून एवढेच म्हणतो की, सहा वर्षांत माझ्याकडून तपासणी शुल्काखेरीज त्यांच्या खात्यात काहीही जमा झालेले नाही. धंदाच करायचा असता तर महागड्या गोळ्या पहिल्याच दिवशी लिहून देणे सोपे होते.

पन्नास हजारांच्या आकड्याने मावसभाऊ सर्वांत जास्त घाबरला होता. माझ्या ताज्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी ६२,००० आहेत आणि त्यांत लिम्फोसाइट ८४ टक्के, म्हणजे ५२,०८० आहेत. संदेशाच्या हिशेबाने मला आतापर्यंत पक्षाघात होऊन जायला हवा होता. रक्तप्रवाह तुंबण्याची भीती खरी असते ती तीव्र ल्युकेमियात, कारण तेथील पेशी आकाराने मोठ्या आणि चिकट असतात. सीएलएलच्या पेशी लहान असतात, त्यामुळे आकडा लाखाच्या पुढे गेला तरी असा प्रसंग क्वचितच येतो. या रोगाच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ लिम्फोसाइटची संख्या पाहून उपचार सुरू करू नयेत. गंमत अशी की इब्रुटिनिब सुरू केल्यावर पहिले काही आठवडे रक्तातील पेशी अनेकदा वाढतात, कारण मानेतल्या-काखेतल्या गाठींत ठाण मांडून बसलेल्या पेशी बाहेर पडून रक्तात येतात. गाठी विरघळत असतात आणि आकडा चढत असतो! ज्या आकड्याला औषध लागू पडत असतानाही वर जाण्याची सवय आहे, त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवून कसे चालेल?

मग डॉक्टर पाहतात तरी काय? हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली उतरत चालल्या आहेत का, म्हणजे अस्थिमज्जेत चांगल्या पेशींना जागा उरलेली नाही का. प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटर किंवा अधिक वाढली आहे का. गाठी दहा सेंटिमीटरपर्यंत पोहोचल्या आहेत का. सहा महिन्यांत दहा टक्के वजन विनाकारण घटले का. जंतुसंसर्ग नसताना दोन आठवडे ताप किंवा महिनाभर रात्री कपडे भिजवणारा घाम येतो आहे का. लिम्फोसाइटचा वेगही ते पाहतात: दोन महिन्यांत निम्म्याहून अधिक वाढ किंवा सहा महिन्यांच्या आत दुप्पट. पण मुळातली संख्या ३०,००० पेक्षा कमी असेल तर या दुपटीलाही ते एकटीला महत्त्व देत नाहीत. माझ्या पेशी तिपटीहून वाढल्या त्याला सहा वर्षे लागली, हिमोग्लोबिन १२.९ आणि प्लेटलेट १,६८,००० आहेत. माझी फाइल पाहताना आमच्या तरुण डॉक्टरीणबाई पांढऱ्या पेशींच्या ठळक छापलेल्या आकड्यावरून नजर फिरवतात आणि या दोन आकड्यांवर थांबतात. ‘काका, मला तुमचा एक रिपोर्ट नको असतो, सगळे ओळीने हवे असतात,’ असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, म्हणून मी सगळे आकडे एका वहीत तारीखवार लिहून ठेवतो.

मुंबईकरांनी ओळीने पाहण्याचे एक खास कारण आहे. पावसाळ्यात येथे डेंग्यूने आणि मलेरियाने प्लेटलेट उतरतात, साध्या विषाणूच्या तापात लिम्फोसाइट वर-खाली होतात, आणि दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडनेही सीएलएलमधील आकडा काही काळ चढू शकतो. हिमोग्लोबिन घसरले तरी ते मूळव्याधीमुळे, बी १२ च्या कमतरतेमुळे किंवा शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडू लागल्यामुळे असू शकते, आणि यांतल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. प्रत्येक घसरण या रोगाच्या नावे टाकून मोकळे होऊ नये.

रक्त काढल्याने अशक्तपणा येतो, हा दावा एका वाक्यात संपतो: जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त जाते आणि प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर असते.

रसाच्या दाव्यात एक चलाखी आहे, ती बहुधा नकळत झालेली. सीएलएलचा आकडा आपणहून हलत असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पांढऱ्या पेशी चार महिन्यांत ४६,००० वरून ३९,००० वर आल्या, आणि त्या काळात मी चहाखेरीज कोणताही रस घेतलेला नव्हता. तेव्हा गव्हांकुर घेत असतो, तर आज त्याची जाहिरात मीच करत फिरलो असतो. पपईच्या पानांचे नाव तर डेंग्यूच्या प्लेटलेटसाठी घेतले जाते. त्याला पांढऱ्या पेशी उतरवण्याच्या कामावर कोणी नेमले, हे संदेशात सांगितलेले नाही. शिवाय सीएलएलमध्ये जंतूंशी लढणारी प्रथिने कमी पडतात, आणि अशा माणसाने पावसाळ्यात न उकळलेला कच्चा रस रोज पिणे हे औषध तर नाहीच, जोखीम आहे.

गर्दीबद्दलच्या सल्ल्यात मात्र तथ्याचा अंश आहे, आणि तो मान्य करायला हवा. जंतुसंसर्ग हा या रोगातील खरा शत्रू आहे. पण त्यावरचा उपाय घरात कोंडून घेणे हा नाही. न्यूमोकोकल लस, दर वर्षी इन्फ्लुएन्झाची लस आणि डॉक्टरांनी सांगितल्यास नागिणीची पुनर्संयोजित (जिवंत विषाणू नसलेली) लस घ्यावी, जिवंत विषाणूच्या लशी टाळाव्यात, कोणी खोकत असेल तर मास्क लावावा आणि जमल्यास गर्दीची वेळ टाळावी. मी मुलुंडहून परळला लोकलनेच जातो, फक्त अकराच्या नंतरची गाडी पकडतो.

संदेशात खऱ्या घाईच्या गोष्टी आल्याच नाहीत, त्या मावसभावाला मी उत्तरात लिहिल्या. १००.४ च्या वर ताप, अचानक लागलेली धाप किंवा पिवळे पडलेले डोळे, हिरड्यांतून किंवा त्वचेखाली होणारा रक्तस्राव, आणि काही दिवसांतच भरभर वाढलेली एखादी गाठ, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते.