इंटर्नशिप कुठे करू, असं विचारणाऱ्या लॉच्या मुलामुलींसाठी (पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा)

बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. त्यातले किती झेरॉक्सच्या रांगेत आणि सीनिअरची बॅग सांभाळण्यात जातात, हे वकिलीतल्या कुणालाही विचारा. उरलेल्यांचा डोळा मुंबईतल्या फर्मवर. त्यांना नावं ठेवत नाही, फ्लॅटचे हप्ते मलाही आहेत. पण माझं म्हणणं असं की यातले चार-सहा आठवडे तरी जन्मठेपेच्या एखाद्या जुन्या केसचे कागद वाचण्यात घालवा. आणि केस अशा माणसाची निवडा, जो आजही म्हणतोय की मी हे केलेलं नाही.

कल्पना माझी नाही. न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड यांनी १९९२ मध्ये ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ सुरू केला. कैद्यांची पत्रं यायची, विद्यार्थी ती वाचायचे, जुने नमुने कुठल्या गोदामात पडलेत ते शोधायचे आणि डीएनए चाचणीची मागणी करायचे. हे ऐकलं की आपली मुलं खूष होतात, कारण त्यात प्रयोगशाळा आहे, थरार आहे.

आपल्याकडे मात्र गाडी तिथेच अडते. आपल्या सत्र न्यायालयांच्या निकालपत्राचा शेवट वाचा. रक्ताचे डाग असलेले कपडे वगैरे मुद्देमाल ‘मूल्यहीन असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करण्यात यावा’, अशा अर्थाचं वाक्य ठरलेलं असतं. वीस वर्षांनी तपासायला उरतं काय? डीएनए नमुने कसे जपायचे, याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले तेच मुळी जुलै २०२५ मध्ये. म्हणजे आपल्याकडचा निर्दोष माणूस सापडला तर कागदातच सापडणार. फिर्याद, पंचनामे, ओळख परेड, सरतपासणी (साक्षीदाराला त्याला बोलावणाऱ्या वकिलाने विचारलेले प्रश्न), उलटतपासणी, रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद). पंच तोच जो पोलिसांच्या आणखी दहा केसेसमध्ये पंच आहे. जप्ती पंचनाम्यावरची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नाही. हे शोधायला मायक्रोस्कोप लागत नाही, बूड टेकवून बसावं लागतं.

‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल प्रत्येकाने वाचावा. जून २००३, नाशिकजवळची पेरूची बाग, पाच जणांचा खून, बलात्कार, दरोडा. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभं केलं. मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. मधली सोळाएक वर्षं तुरुंगात गेली, त्यातली बरीच फाशीच्या छायेत.

निकाल फिरवणारं कारण काय होतं? घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांत, पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून चौघांना ओळखलं होतं. ते चौघे वेगळेच होते. त्यांच्या दिशेने तपासच झाला नाही. ही २००३ मधली गोष्ट आहे, आणि तिला वजन मिळालं २०१९ मध्ये. ही केस विद्यार्थ्यांनी सोडवली असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारते की मधल्या काळात किती कायदेपंडितांच्या टेबलांवरून ही फाईल सरकली असेल?

वाचायला कुणाला वेळ नसतो, हे उघड गुपित आहे. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारी फी आणि हातातल्या केसेस पाहिल्या तर एकेक ओळ तपासायची अपेक्षा करणं हाच विनोद आहे. सरकारी वकिलाचं तेच. न्यायाधीशांसमोर रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, लागलेला. या सगळ्या व्यवस्थेत वेळ फक्त एकाकडे असतो, आणि तो म्हणजे विद्यार्थी. त्याला फी नको, बोर्ड नाही, आणि आरोपी दोषीच आहे असं गृहीत धरायची सवय अजून लागलेली नाही.

इथे जिल्ह्याच्या, तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांनी कान द्यावा. सत्र न्यायालयातल्या साक्षी मराठीत नोंदवलेल्या असतात, पंचनामे हवालदाराच्या अक्षरात. मोठ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या हुशार मुलीला ‘निशाणी ३४’चं (केसमधल्या ३४ क्रमांकाच्या कागदाचं) ते अक्षर लागत नाही. तुम्हाला लागतं. ‘बांधावरून हाक मारली’ म्हणजे किती अंतरावरून, अंधारात तिथून चेहरा दिसेल का, हे शेतात वाढलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. इंग्रजी कच्चं म्हणून फर्मने परत पाठवलेली मुलं या कामात वरचढ ठरतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आपल्या देशात असं काही झालंच नाही, असंही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तुरुंगांत आणि कैद्यांच्या घरी जाऊन, फाशीची शिक्षा झालेल्या ३८५ पैकी ३७३ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. तो अहवाल २०१६ मध्ये आला. त्याच कामातून उभ्या राहिलेल्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ने सात जणांचा बळी घेणाऱ्या, पुण्याच्या १९९४ च्या राठी हत्याकांडातल्या एका आरोपीची बाजू लढवली. राजस्थानातल्या गावच्या शाळेच्या रजिस्टरवरून तो गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं आणि २८ वर्षांहून अधिक काळानंतर तो नागपूरच्या तुरुंगातून सुटला.

आता कमेंटमध्ये येणारच, ‘त्या सात जिवांचं काय?’ रास्त प्रश्न आहे. पुण्यातली माझ्या वयाची माणसं ते प्रकरण विसरलेली नाहीत. तिथे गुन्हा झालाच नाही असं कुणी म्हटलेलं नाही. बारा वर्षांच्या मुलाला कायदा जी शिक्षा देऊच शकत नाही ती दिली गेली, हा मुद्दा होता. आणि नाशिकच्या केसमध्ये तर उलट आहे. चुकीचे सहा जण आत बसले म्हणजे त्या कुटुंबाचे खरे मारेकरी बाहेर राहिले. पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचा राग आधी धरायला हवा.

उत्साहाला लगामही हवा. अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या शोधामुळे १९९९ मध्ये अँथनी पोर्टर हा फाशीच्या उंबरठ्यावरचा कैदी सुटला. देशभर वाहवा झाली, पुढच्या वर्षी गव्हर्नरने फाशीच थांबवली. पण ज्याच्या कबुलीवर पोर्टर सुटला, त्या दुसऱ्या माणसाची शिक्षा २०१४ मध्ये रद्द झाली. कबुली मिळवली होती विद्यार्थ्यांसोबतच्या खासगी गुप्तहेराने, आणि ती ज्या रीतीने मिळवली ती सरकारी पक्षालाही मान्य होईना. तोवर त्याची पंधरा वर्षं गेली होती. म्हणून साक्षीदाराच्या दारात परस्पर जाऊन उभं राहायचं नाही, कैद्याला ‘तुम्ही सुटणार’ असं सांगायचं नाही, आणि वर अनुभवी फौजदारी वकील असल्याशिवाय फाईल उघडायची नाही. शंभरातल्या बहुतेक फाईल वाचून शेवटी ‘शिक्षा बरोबर दिसते’ असंच लिहावं लागेल. तेही प्रामाणिकपणे लिहिता आलं पाहिजे.

अडचण कॉलेजांची आहे. विधी सेवा केंद्राची पाटी बहुतेक ठिकाणी आहे, वर्षातून एकदा गावात शिबिर, फोटो, संपलं. येरवडा, नाशिकरोड, हर्सूल, नागपूर या तुरुंगांच्या शहरांत लॉ कॉलेजं आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत रीतसर परवानगी, एक जबाबदार वकील, गोपनीयतेचं हमीपत्र आणि या कामाला इंटर्नशिपचे पूर्ण आठवडे मोजून देणं, एवढ्यावर सुरुवात होते. कोर्टातून कागदांच्या नकला मिळवण्याच्या अर्जाचा खर्च माझ्यासारखे चार वकील मिळून उचलू.

कुणा प्राचार्यांची तयारी असेल तर मेसेज करा. आणि मुलांनो, ‘सर्टिफिकेट मिळेल का’ हा प्रश्न येणारच आहे, म्हणून आधीच सांगते: मिळेल.