कुजबुजल्याने बसलेला आवाज सुटत नाही

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश फिरतो आहे: ‘आवाज सारखा बसत असेल तर महिनाभर मौन पाळा, बोलावेच लागले तर कुजबुजा, ज्येष्ठमध चघळा; आवाजाचे व्यायाम हे थोतांड आहे.’ स्वरतंतूंवर गाठ वा सूज नसताना, केवळ गळ्याचे स्नायू आवळून बोलण्याची सवय जडल्याने ज्यांचा आवाज बिघडला आहे, त्यांचे या सल्ल्याने नुकसान होते.

मौनाने थकलेल्या गळ्याला विसावा मिळतो, हे खरे, आणि स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर काही दिवस मौन सांगतातही. परंतु येथे दुखणे बोलण्याच्या रीतीत आहे. महिनाभर गप्प राहिलेल्या बाई साठ मुलांच्या वर्गात परततात आणि पहिल्याच तासाला मान ताठ करून, हनुवटी पुढे काढून पूर्वीसारखाच घसा ताणतात, कारण मधल्या काळात दुसरी रीत त्यांना कोणी शिकवलेलीच नसते.

कुजबुजण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. ऐकू जावे म्हणून जोर लावून कुजबुजताना अनेकांचा स्वरतंतूंच्या वरचा भाग अधिकच आवळला जातो, आणि मूळ विकार तोच आहे. त्यापेक्षा जवळ जाऊन, हळू पण मोकळ्या आवाजात बोलावे.

ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते. मात्र गिळलेला रस अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही.

आता व्यायामांविषयी. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांना भिडतात, त्यामुळे प्रत्येक वेळचा जोर थोडा जरी कमी झाला तरी दिवसाअखेर मोठा फरक पडतो. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दोनेक सेंटिमीटर बुडवून, ओठ तिच्याभोवती मिटून, खांदे सैल सोडून ‘ऊ’ असा लांब सूर काढला की तोंडात साठणारा हवेचा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते कमी श्रमात कंप पावतात. बुडबुडे एकसारखे येत राहावेत. ते अडखळले, तर श्वास तुटतो आहे किंवा गळा आवळतो आहे असे समजावे. हाच सैलपणा पुढे स्ट्रॉशिवाय ‘म्’च्या गुंजनात, मग ‘मामा’, ‘मीना’ अशा शब्दांत, मग वाक्यांत आणि शेवटी फळ्यासमोर उभे राहून आणायचा असतो. बहुतेक जण बुडबुड्यांपाशीच थांबतात आणि उपयोग झाला नाही म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते.

संदेशात तपासणीचा उल्लेखच नाही. घोगरेपणा चार आठवडे टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे आणि मगच व्यायाम सुरू करावेत. तंबाखूचे व्यसन, मानेत गाठ किंवा गिळताना त्रास असेल, तर तेवढेही थांबू नये.