खेकड्यांनी धरण फोडलं म्हणे!

पाऊस लागला आणि कुठे तलाव किंवा बंधारा फुटल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास फिरू लागतं: "मातीची धरणं खेकडेसुद्धा फोडतात, त्याला सरकार काय करणार?" काही जण ते थट्टेने पुढे ढकलतात, काही जण अगदी मनापासून. वाक्याचा उगम 2019 चा. त्या वर्षी 2 जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली आणि तिच्याबरोबर 23 माणसं. पुढच्या दोन-तीन दिवसांतच तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी गळतीचं खापर खेकड्यांवर फोडलं. मग ठाणे शहरात आंदोलकांनी खेकडेच पोलिसांपुढे 'आरोपी' म्हणून हजर केले, राज्यभर हशा पिकला आणि खरा प्रश्न त्या हशात बुडाला. हल्लीच्या संदेशांत खेकड्यांच्या जोडीला आणखी तीन-चार वाक्यं चिकटलेली असतात. तीही तपासून घेऊ.

आधी खेकडे. त्यांना नुसतं हसून सोडून देणं बरोबर नाही, कारण दाव्यात थोडं तथ्य आहे. उंदीर, घुशी, खेकडे धरणाच्या मातीच्या भरावात बिळं करतात आणि त्यामुळे पाण्याला आरपार जायची वाट आखूड होते, हे धरणशास्त्राला जुनंच माहीत आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला तर ते शिकवायलाच नको. खाचराच्या बांधात कुर्लीने बीळ केलं की वरचं पाणी खालच्या खाचरात उतरतं, आणि तो पायाने चिखल दाबून ते बुजवतो.

पण बांध हातभर रुंद असतो आणि धरण तसं नसतं. समजा 20 मीटर उंचीचा भराव आहे. पाण्याकडचा उतार अडीचास एक (म्हणजे एक मीटर उंचीला अडीच मीटर आडवं अंतर), मागचा दोनास एक आणि माथा 4 मीटर धरला, तर तळाशी रुंदी होते 94 मीटर. माथ्याखाली 2 मीटरवरसुद्धा ती 13 मीटर भरते. शिवाय मधोमध काळ्या चिकण मातीचा घट्ट दाबलेला गाभा असतो आणि त्याच्यामागे वाळू-खडीची गाळणी. गाभ्यातून पाणी झिरपलंच तर मातीचे कण अडवून नुसतं पाणी पुढे सोडायचं, हे गाळणीचं काम. इतकं सगळं खेकड्यांनी पार केलं असेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर गाभा, दाबाई (माती दाबून घट्ट करणं) किंवा गाळणी मुळातच कच्ची होती, किंवा ते कित्येक महिने निवांत पोखरत होते आणि त्या काळात भरावावर कोणी फिरकलंच नाही. यातली कुठलीही शक्यता घ्या, जबाबदारी खेकड्याकडे जात नाही.

बिळं दिसण्यासाठी आधी गवत कापावं लागतं, हेही इथेच सांगायला हवं. आपल्या कितीतरी लहान धरणांच्या मागच्या उतारावर बाभळी आणि झुडपांचं रान माजलेलं असतं. त्यात बीळ कुठलं दिसणार, ओल फुटलेली जागाही दिसत नाही. वर मुळं कुजली की त्यांच्या जागी आयत्या नळ्या तयार होतात. ही झुडपं तोडायला लागते कोयता घेतलेली माणसं आणि थोडा निधी. एवढ्यावरच गाडं अडतं.

दुसरं वाक्य: "इतकी वर्षं काही झालं नाही, मग एका रात्रीत कसं फुटलं? नशीबच." एका रात्रीत काहीच होत नाही. जगभरात फुटलेल्या मातीच्या धरणांचा हिशोब पाहिला तर साधारण निम्मी माथ्यावरून पाणी ओसंडून गेली आणि जवळपास तितकीच आतून पोखरून. आतून पोखरणं हळू सुरू होतं. पाणी बाहेर पडताना एकेक कण नेतं, पोकळी मागे मागे सरकत जलाशयाच्या दिशेने जाते, आणि ती तिथे पोचली की मग काही तासांचाच खेळ उरतो. अमेरिकेत आयडाहोमधलं टीटन धरण 5 जून 1976 रोजी असंच गेलं. सकाळी भरावातून गढूळ पाणी येताना दिसलं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण कोसळलं. धरण नवंकोरं होतं, पहिल्यांदाच भरत होतं. म्हणजे वय कमी म्हणून बिनघोर राहता येत नाही, आणि पंधरा वर्षं टिकलं म्हणूनही नाही.

"पाऊसच तसा पडला" याला फार शब्द खर्चायला नकोत. सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलैत धो धो पाऊस पडणार हे गृहीत धरूनच जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्याची रुंदी ठरते. सांडवा आणि माथा यांच्यात उंचीचं अंतर ठेवतात तेही त्याचसाठी. पाऊस हिशोबापेक्षा जास्त झाला असेल तर पुराचा तो हिशोब लोकांपुढे मांडावा. मात्र एकाच दमात पाऊस आणि खेकडे दोघांनाही दोषी ठरवणं म्हणजे नक्की काय झालं ते शोधायचंच नाही असं म्हणणं झालं.

आता सर्वांत फसवं वाक्य: "मातीचं धरण म्हटल्यावर थोडी गळती असायचीच." हे खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. मातीचं प्रत्येक धरण पाझरतं. पायथ्याशी निचऱ्याची सोय त्यासाठीच असते. प्रश्न असतो तो पाणी किती येतंय, कसं येतंय आणि कालच्यापेक्षा किती वाढलं याचा. ते मोजायला निचऱ्याच्या तोंडाशी एक पत्रा बसवतात, त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, म्हणून सगळे त्याला व्ही-नॉच म्हणतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतंय ते बाजूच्या पट्टीवर वाचायचं. 90 अंशांच्या खाचेत पाणी 5 सेंटीमीटर असेल तर गळती सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास. तेच 10 सेंटीमीटर झालं की जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट दिसते, गळती साडेपाच पटींहून जास्त झालेली असते. नुसत्या नजरेने बघणारा 'थोडं वाढलंय' म्हणून घरी जातो. वहीत आकडा लिहिणाऱ्याला घाम फुटतो.

दुसरी तपासणी आणखी स्वस्त: काचेच्या बाटलीत ते पाणी भरून उजेडात धरायचं. नितळ असेल तर ठीक. गढूळ असेल, तळाशी माती बसत असेल, तर भराव आतून वाहून चाललाय आणि खालची वस्ती त्याच दिवशी हलवायला हवी. तिवऱ्यात गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या, धरण फुटायच्या आधी डागडुजीही झाली होती. म्हणजे गळती कोणाला दिसलीच नाही असं नव्हतं. वरून माती टाकून ओल झाकता येते, आतली पोकळी तशीच राहते. उलट बाहेर पडायची वाट बुजवली तर पाण्याचा दाब भरावातच कोंडतो. योग्य उपाय म्हणजे जलाशयाची पातळी उतरवणं आणि पाणी बाहेर येतं त्या जागी वाळू-खडीची उलटी गाळणी (खाली बारीक वाळू, वर जाड खडी) घालून वर वजन ठेवणं.

वेळेवर दखल घेतली तर काय होतं तेही पाहा. ऑगस्ट 2022 मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाच्या भरावाला गळती लागली. काम अपुरं आणि जलाशयात पाणी, अशी अवस्था. बांधकामाच्या दर्जाबद्दल जे बोलायचं ते बोलावंच, पण तिथे 18 गावं रिकामी केली, बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं आणि एकही जीव गेला नाही.

राहिलं शेवटचं: "एवढ्याशा धरणाला कुठे यंत्रणा परवडते?" भरावाच्या आतला पाण्याचा दाब सांगणारे पीझोमीटर बसवणं प्रत्येक तलावाला जमणार नाही, मान्य. पण खाचेचा पत्रा, पट्टी, वही, काचेची बाटली आणि पावसाळ्यात रोज मागच्या पायथ्याने चालत जाणारा एक माणूस, याला कोट्यवधी लागत नाहीत. नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना 1980 पासून आहे. धरण सुरक्षा कायदा 2021 ने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. हा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू होतो, 10 ते 15 मीटरच्या धरणांना साठा किंवा लांबी अशा काही अटींवर. त्याहून बुटके पाझर तलाव आणि गावतलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि वस्ती बहुधा त्यांच्याच अगदी खाली असते.

तेव्हा खेकड्यांचा संदेश पुन्हा आलाच तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: तुमच्या गावच्या तलावाची मे महिन्यातली तपासणी कोणी केली, कोणत्या तारखेला, आणि गळतीची वही कोणाकडे असते?