परतीच्या गाडीचं काय?

खेड्यापाड्यातल्या प्रवासाच्या सोयीबद्दल एक लेख वाचला, त्यात बसफेऱ्या वाढवा असं म्हटलंय, बरोबरच आहे, पण नुसत्या फेऱ्या वाढवून काय होणार? मोठी बस रिकामी फिरायला लागली की कुणीतरी तोट्याचा हिशोब मांडतं आणि पहिली कात्री त्याच रूटला लागते. खरी गोची परतीच्या गाडीची असते हो. सकाळी दवाखान्यात जायला गाडी मिळते पण नंबर लागेपर्यंत दुपार उलटते आणि तोवर शेवटची बस गेलेली, मग म्हातारं माणूस पुढच्या वेळी जायचंच टाळतं, आणि कागदावर दिसतं काय तर "या मार्गावर मागणी नाही"! अहो, मागणी दिसेल कशी?

जर्मनीत ब्युर्गरबुस म्हणून प्रकार आहे, तिथे १९८५ पासून चालू आहे. आठ प्रवाशांची छोटी गाडी, गावातलेच लोक पगार न घेता चालवतात, बसचं वेगळं लायसन्स लागत नाही, प्रवासी नेण्याचा परवाना मात्र काढावा लागतो. अर्थात ड्रायव्हर बरेचसे रिटायर्ड लोक, ते थकले की नवीन कोण, हा प्रश्न तिथेही आहेच.

आणि अशा गाडीचं ॲपवरून बुकिंग वगैरे ठीक आहे, पण साधा फोन उचलणारं एक माणूस ठेवा आधी. ज्यांना गाडीची सगळ्यात जास्त गरज त्यांच्याचकडे स्मार्टफोन नसतो किंवा रेंज नसते. शाळेच्या बस दुपारभर उभ्याच असतात, त्या का नाही वापरत?