सचिनची विकेट घेतलेला पोरगा

६ मार्च २०११. रविवार, वर्ल्ड कप, बंगळुरू. आयर्लंडचे फक्त २०७, त्यामुळे आमच्या घरी मॅच जिंकून झाली होती, फक्त सचिनचं शतक बघायचं बाकी होतं. तो ३८ वर एलबीडब्ल्यू झाला. आजी म्हणाली, "कोण रे हा मेला?" कोणालाच सांगता येईना. थोड्या वेळाने त्याच मेल्याने धोनीलाही एलबीडब्ल्यू केलं. पुढे युवराजने मॅच काढली, आपण वर्ल्ड कप जिंकलो आणि जॉर्ज डॉक्रेल हे नाव आपल्याकडे क्विझपुरतं उरलं.

मला ते खटकतं. कारण त्या दिवशी हा डब्लिनचा डावखुरा स्पिनर १८ वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी, १७ व्या वर्षी, टी-२० वर्ल्ड कपमध्ये वेस्ट इंडिजला त्यांच्याच गयानात त्याने १६ रन्समध्ये ३ विकेटचा हिसका दाखवला होता. २०१२ मध्ये आयसीसीचा असोसिएट, म्हणजे टेस्ट दर्जा नसलेल्या, देशांमधला सर्वोत्तम खेळाडू. वीस वर्षांच्या स्पिनरकडे अजून काय असायला हवं?

ओव्हर्स. ओव्हर्स असायला हव्यात हो.

आपल्या मुंबईच्या डावखुऱ्या स्पिनरवर, पद्माकर शिवलकरांवर अन्याय झाला असं आपण कायम म्हणतो, आणि झालाच. ५८९ फर्स्ट क्लास विकेट आणि भारताकडून खेळण्याची कॅप नाही. पण मुंबईने त्यांच्या हातात वर्षानुवर्षं बॉल दिला. डॉक्रेलचं नेमकं उलटं झालं. कॅप शाळकरी वयात मिळाली, बॉल मात्र मिळाला नाही. आयर्लंडला तेव्हा टेस्ट दर्जा नव्हता, मोठ्या संघांविरुद्ध मोजक्याच मॅच. त्यात आयसीसीने पुढे वर्ल्ड कपच दहा संघांचा करून टाकला. डावखुरा स्पिनर लोणच्यासारखा असतो, मुरायला वेळ लागतो. बरणीच दिली नाही तर मुरणार कशात?

एक बरणी होती, इंग्लंडमधली सॉमरसेट काउंटी. पण तिथे त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच डावखुरा स्पिनर होता, जॅक लीच. दोघांत एक जागा. २०१५ च्या शेवटी काउंटीने डॉक्रेलला सोडलं. आणि दैव बघा, पुढच्याच मोसमात सॉमरसेटच्या टाँटनच्या मैदानाची खेळपट्टी इतकी फिरायला लागली की लोक त्याला 'सायडराबाद' म्हणू लागले (तिथली सायडर दारू अधिक आपलं हैदराबाद). लीचने त्या मोसमात ६५ विकेट घेतल्या आणि दीड वर्षात इंग्लंडची टेस्ट कॅप घातली. लीच चांगलाच बॉलर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तेवढं एक वर्ष डॉक्रेलला मिळालं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आयर्लंडची पहिली टेस्ट २०१८ ची, घरच्याच मालाहाइडला. डॉक्रेल त्या अकरात नव्हता. त्याला टेस्ट मिळाली मार्च २०१९ मध्ये, डेहराडूनला, अफगाणिस्तानविरुद्ध. आणि तिथे त्याचं नाव कशासाठी लक्षात राहिलं? बॅटिंगसाठी! ३९ रन्स, आणि अकराव्या नंबरच्या टिम मर्टाबरोबर शेवटच्या विकेटची मोठी भागीदारी.

तोवर गडी बदललाच होता. आपला रवी शास्त्री दहाव्या नंबरचा स्पिनर म्हणून आला आणि दोन वर्षांत ओपनर झाला, तसाच हा मधल्या फळीत शिरला. फरक एवढाच की शास्त्रीने बॉल सोडला नाही. डॉक्रेलचा बॉल हळूहळू हातातून गेला आणि त्याने कुरकुर न करता बॅट उचलली. २०२२ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये स्कॉटलंडविरुद्ध कर्टिस कॅम्फरबरोबर नाबाद ११९ ची भागीदारी केली, त्यात याचे नाबाद ३९. (त्याच स्पर्धेत श्रीलंकेविरुद्ध तो कोविडचा संशयित रुग्ण म्हणून खेळला, नियमात बसत होतं म्हणे!) २०२३ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत ओमानविरुद्ध नाबाद ९१, तरी मॅच हरले.

लोक म्हणतात, टिकून राहिला, कौतुक आहे. कौतुक आहेच. पण मी फिरकीवर जीव असलेला माणूस, मला त्याच्या प्रत्येक सिक्सरमागे न टाकलेली एक ओव्हर दिसते.

बाकी सचिन त्या बॉलला खरंच आऊट होता का, यावर आमच्या काकांचं मत अजून वेगळं आहे. कमेंटमध्ये ते येतीलच.