मोफत स्क्रीन रेकॉर्डर बिनकामाचे? फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

शिक्षकांच्या, क्लासवाल्यांच्या आणि यूट्यूबकरांच्या ग्रुपवर एक सल्ला अधूनमधून फिरतो. थोडक्यात असा: मोफत स्क्रीन रेकॉर्डरच्या नादी लागू नका. वॉटरमार्क येतो, दहा मिनिटांत रेकॉर्डिंग थांबतं. ओबीएसला (ओबीएस स्टुडिओ हा मोफत रेकॉर्डर) गेमिंगचा पीसी लागतो, स्क्रीन काळी येते, लाइट गेली की फाइल उघडत नाही. त्यापेक्षा विंडोजमध्ये आहे तोच रेकॉर्डर वापरा, नाहीतर सरळ पेड सॉफ्टवेअरचं क्रॅक (कुलूप तोडलेली चोरटी प्रत) टाका. यातली लक्षणं बरीचशी खरी आहेत. निदान मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी चुकलंय.

"वॉटरमार्क येतो, दहा मिनिटांत बंद पडतं"

हे बँडिकॅम या स्क्रीन रेकॉर्डरच्या बिनपैशाच्या आवृत्तीचं अगदी बरोबर वर्णन आहे. पण ती चाखायला दिलेली आवृत्ती आहे, कंपनीचा धंदा पूर्ण आवृत्ती विकण्याचा. ओबीएस स्टुडिओ आणि स्क्रीन टिपणारं शेअरएक्स ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअर आहेत. त्यांची पैसे भरून घ्यायची वेगळी आवृत्तीच नाही, त्यामुळे वॉटरमार्क लावून कुणाला काही विकायचं नसतं. डाउनलोड करण्याआधी साइटवर 'बाय' किंवा 'प्रायसिंग' असं पान आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी गाळणी होते.

"ओबीएसला गेमिंगचा पीसी लागतो"

ओबीएस जड नाही, व्हिडिओ एन्कोड करणं (टिपलेली चित्रं दाबून फाइलमध्ये बसवणं) जड आहे. ते काम कुणाच्या गळ्यात टाकायचं हे आपण ठरवायचं. सेटिंग्ज, मग आउटपुट, मग रेकॉर्डिंग एन्कोडर इथे 'सॉफ्टवेअर' निवडलेलं असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. तिथेच 'हार्डवेअर' असा पर्याय दिसला तर तो घ्या. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरमध्ये या कामासाठी क्विकसिंक असतं, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर एनव्हीएन्क. यादीत हार्डवेअर दिसतच नसेल तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा.

मग व्हिडिओ टॅबमध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स (चित्रं) टिपायच्या. पीपीटी किंवा एक्सेल शिकवताना ६० फ्रेम्स कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत. ३० ठेवा, मशीन फारच थकलेलं असेल तर २०.

इथे लोक आणखी एक उद्योग करतात: भार कमी व्हावा म्हणून १९२० × १०८० च्या स्क्रीनचं आउटपुट १२८० × ७२० वर आणतात. मग 'अक्षरं फुटतात' म्हणून ओबीएसला शिव्या. अक्षरांच्या कडा एकेका पिक्सेलवर बेतलेल्या असतात; आकार घटवला की त्या पुसट होणारच. बेस (मूळ स्क्रीनचं) आणि आउटपुट (फाइलचं) दोन्ही रिझोल्युशन सारखी ठेवा. विद्यार्थी मोबाइलवर पाहणार असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा, म्हणजे अक्षरं मोठी होतात. त्याने पडणारा फरक बिटरेट (दर सेकंदाला फाइलमध्ये जाणारा डेटा) वाढवून पडत नाही.

तरीही अडखळत असेल तर अंदाजाने बटणं फिरवू नका. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे, ती उघडून दोन-तीन मिनिटं रेकॉर्डिंग करा. 'एन्कोडिंग लॅग'चा आकडा वाढतोय, तर दोष एन्कोडरच्या निवडीत. 'रेंडरिंग लॅग' वाढतोय, तर ग्राफिक्स चिपवर भार आहे: एफपीएस उतरवा, बाकीचे जड प्रोग्रॅम बंद करा.

फाइल किती मोठी होईल याची भीतीही उगाच घातली जाते. २५०० केबीपीएस (सेकंदाला २५०० किलोबिट) बिटरेटला एका तासाची फाइल साधारण १.१ जीबी होते. ती पेनड्राइव्हवर नेताना एक लक्षात ठेवा: पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, आतली जागा कितीही रिकामी असो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २०२२ मध्ये आलेल्या ओबीएस २८ पासून विंडोज ७ आणि ३२ बिट मशीनला रामराम ठोकलाय. शाळेच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ असेल तर २७.२.४ ही तिथे चालणारी शेवटची आवृत्ती.

"स्क्रीन काळी येते"

येते, विशेषतः दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर. स्क्रीन चालते एका चिपवर आणि ओबीएस दुसऱ्या चिपवर. उपाय असा: ओबीएसच्या 'सोर्सेस' यादीतल्या डिस्प्ले कॅप्चरवर (पूर्ण स्क्रीन टिपणारा सोर्स) डबल क्लिक करून कॅप्चर मेथडमध्ये 'विंडोज १०' निवडा. त्याने भागलं नाही तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन ओबीएस यादीत घाला आणि त्याला 'पॉवर सेव्हिंग' द्या. ओबीएस बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय फरक दिसणार नाही. बरेच जण इथेच हात टेकतात. फक्त ब्राउझरची खिडकी काळी येत असेल तर विंडो कॅप्चरमध्येही (एकच खिडकी टिपणारा सोर्स) हीच मेथड निवडा.

नेटफ्लिक्ससारख्या ओटीटीवरचा सिनेमा काळा दिसतो, ते मात्र वेगळं. तिथे कॉपी रोखण्यासाठी मुद्दाम लावलेलं कुलूप आहे. त्याचा राग रेकॉर्डरवर काढण्यात अर्थ नाही.

"लाइट गेली की फाइल गेली"

रेकॉर्डिंग साध्या एमपी४ मध्ये चाललं असेल तर शंभर टक्के खरं. एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर प्लेअरला आत काय कुठे आहे ते कळतच नाही. म्हणून रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचा दुसरा प्रकार) ठेवा. वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग हाती लागतं. नंतर फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने एमपी४ करून घ्या. पुन्हा एन्कोड होत नसल्याने दर्जाही घटत नाही. ओबीएस ३०.२ पासून 'हायब्रिड एमपी४' असाही पर्याय आहे, तो हीच अडचण सोडवतो.

"विंडोजमधला रेकॉर्डर पुरतो"

कुणाला पुरतो, ते आधी विचारा. विंडोजमधला गेम बार (विंडोज + ऑल्ट + आर) एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर टिपत नाही. पीपीटीवरून ब्राउझरवर, तिथून टॅलीवर असं शिकवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. विंडोज ११ चं स्निपिंग टूल स्क्रीनचा आखून दिलेला भाग टिपतं, पाच-सात मिनिटांच्या क्लिपला ते झकास. वेबकॅमचा चौकोन, माइक आणि संगणकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, असं काही हवं असेल तर ओबीएसला पर्याय नाही. नुसतं छोटं जीआयएफ हवंय? शेअरएक्स घ्या, पण 'आफ्टर कॅप्चर टास्क्स'मध्ये अपलोडवर टिक असेल तर आधी काढा, नाहीतर टिपलेलं चित्र परस्पर नेटवर जाईल.

"क्रॅक टाका, सगळे तेच वापरतात"

क्रॅकच्या झिपसोबत बहुतेक वेळा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. पुढे काही सांगायला हवं का? त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग आहे.

मात्र 'मोफत' शोधतानाही सापळे आहेतच. जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींमधून ओबीएसच्या नावाचे बनावट इन्स्टॉलर पसरवले जात होते. त्यामुळे शोधातल्या 'स्पॉन्सर्ड' लिंकवरून काही उतरवू नका. ओबीएस आणि शेअरएक्स दोन्ही मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतात, तिथूनच घ्या.